कलंक नसलेली समाप्ती

कॉलेजने तत्त्वज्ञान हा विषय बंद केला तेव्हा तो शिकवणारा मी एकटाच उरलो होतो. पत्र हिंदीत होतं आणि अतिशय सभ्य होतं. विद्यार्थी मिळत नाहीत, म्हणून विषय स्थगित. म्हणून माझी अस्थायी सेवा सत्र संपताच समाप्त. आणि शेवटी उज्ज्वल भविष्यासाठी शुभकामना. पत्र देताना प्राचार्य खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, "आप तो दार्शनिक आदमी हैं. आप इसे सही ढंग से लेंगे."

मी हसलो आणि त्यांना धन्यवाद दिले. ते हसू मला अजून आठवतं आणि आठवलं की बसल्या जागी कूस बदलावीशी वाटते. त्याच सकाळी मी वर्गातल्या तीन-चार मुलांना 'मी' म्हणजे नेमकं कोण, देह की मन की दोन्हींना पाहणारा कोणी तिसरा, हे फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. दुपारी शिपाई कपाटाची किल्ली मागायला आला, तेव्हा देह, मन आणि तो तिसरा यांपैकी एकही जण माझ्या मदतीला आला नाही.

घरी बाबा आणि बायको, दोघांनाही त्याच संध्याकाळी सांगितलं. बाबा सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक होते आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, समासाकडे बघितलं, खालची सही बघितली आणि म्हणाले, "मसुदा चांगला आहे." मग घडी घालून मला परत दिलं. थोड्या वेळाने म्हणाले, "मंडळात कोणाशी बोलू नका. दुसरीकडे लागेपर्यंत काय गरज आहे?"

माझी बायको ग्वाल्हेरची. तिला आडपडदा जमत नाही. ती म्हणाली, "यात लपवण्यासारखं काय आहे? चोरी केली का यांनी?"

"चोरी नाही केली," बाबा म्हणाले. "पण लोक बोलतात ना, बेटा." बाबा सुनेला 'बेटा' म्हणत. आमच्या घरात भिंतीतल्या कपाटाला अजून फडताळ म्हणतात आणि त्याच वाक्यात 'जल्दी बंद करा' असंही म्हणतात. पेशव्यांच्या काळी आमचे पूर्वज इकडे पूजाअर्चा आणि पुराण सांगायला आले, ते इथेच राहिले. मंडळ म्हणजे झाशीतल्या मराठी माणसांचं मंडळ. त्यात दोन तऱ्हेचे लोक. एक आमच्यासारखे जुने, आणि दुसरे रेल्वेच्या नोकरीमुळे भुसावळ, नागपूर, अकोल्याकडून आलेले. त्यांची मराठी खणखणीत, आमची हिंदीत भिजलेली. तरी पहिल्या रांगेच्या खुर्च्या आमच्या. असं कोणी ठरवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्या पहिल्या रांगेत बाबा कोट घालून बसत, नव्या माणसाला माझी ओळख करून देत: "आमचे चिरंजीव. कॉलेजात प्रोफेसर आहेत."

दुसरीकडे कुठे लागलो नाही. ग्वाल्हेरला जाऊन आलो, कानपूरला जाऊन आलो. एका ठिकाणी मुलाखत घेणारा माझ्याहून बराच लहान होता आणि त्याने फार आदराने मला विचारलं की, सर, कॉमर्सच्या मुलांना इंग्रजी शिकवाल का? मी हो म्हणालो. तेही मिळालं नाही.

अशाच एका अर्जाच्या झेरॉक्स काढायला मी सीपरी बाजारातल्या एका दुकानात गेलो होतो. झेरॉक्स, टायपिंग, बाइंडिंग, सगळं एकाच गाळ्यात. दुकान चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या, बुंदेली बोलणाऱ्या, नवऱ्यामागे धंदा सांभाळणाऱ्या. त्यांचा टायपिस्ट त्या दिवशी न सांगता निघून गेला होता. बाहेर एक विद्यार्थी डोक्याला हात लावून बसला होता, दुसऱ्या दिवशी त्याला प्रबंध जमा करायचा होता. बाई एका बोटाने कीबोर्डवर अक्षरं शोधत होत्या. मी जरा वेळ बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "मैं कर दूँ?"

टायपिंग मला बाबांनीच शिकवलं होतं, शाळेच्या एका उन्हाळी सुटीत. हाताला काहीतरी असावं, म्हणून. पण पुढे मी एम.ए.ला गेल्यावर त्यांनी घरातलं मशीन विकून टाकलं. "आता तुला खुर्चीवर बसायचंय, स्टुलावर नाही," असं म्हणाले होते. त्या दिवशी सीपरी बाजारात मी स्टुलावर बसलो आणि तो प्रबंध संपवून उठलो. बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "भैया, कल सें आ जाओ."

घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "बरं झालं." बाबा ताटावरून लवकर उठले, एवढंच.

आता खरं सांगायचं, तर त्या कामाची मला लाज वाटत नव्हती. काम येत होतं आणि बोटं आपसूक चालत. लाज वाटे ती कोणी बघेल याची. आणि बाईंनी तर त्याचाच धंदा मांडला. कोणी थीसिस घेऊन आलं की मोठ्याने सांगत, "हमाए इतै प्रोफेसर साहब खुद टाइप करत हैं." मी त्यांना दोनदा विनवलं, असं म्हणू नका. त्या म्हणाल्या, "काए? झूठ तो नईं कै रए." गिऱ्हाइकं मान वर करून माझ्याकडे बघत. मी कॉम्प्युटरच्या पडद्यामागे आणखी वाकत असे.

कॉलेजात मी माझ्याच विषयाच्या चार पुस्तकांत फिरत होतो. इथे मात्र रोज वेगळ्या विषयाचे कागद माझ्या हाताखालून जात, आणि टायपिस्टाला न वाचता गत्यंतर नसतं. मला हळूहळू दिसायला लागलं की, ज्या दोन गोष्टी मी आयुष्यभर शिकवल्या, 'स्व' आणि त्याचा शेवट, त्या प्रत्येक खात्यात आहेत. फक्त कोणी कोणाला विचारत नाही.

कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध नोकरीच्या समाप्तीवरच होता. त्यात लिहिलं होतं की, अस्थायी माणसाला काढताना त्याच्यावर आरोप ठेवला तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पण कोणताच आरोप न ठेवता, नुसतं 'आता गरज नाही' म्हणून काढलं, तर ती साधी समाप्ती. तिच्यात कलंक नसतो. हे वाक्य टाइप करताना माझी बोटं थांबली. म्हणजे कायद्याच्या लेखी मी स्वच्छ होतो. माझ्यावर डाग नव्हता, म्हणूनच माझं म्हणणं कोणी ऐकायचं कारण नव्हतं. त्याच प्रबंधात पुढे होतं की, स्वतःच्या प्रकरणात कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये. मी तर रोज रात्री अंथरुणावर तेच करत होतो आणि रोज दोषी ठरत होतो.

कॉम्प्युटरच्या एका मुलाच्या कामात असं गणित होतं जे उत्तर काढायला स्वतःलाच बोलावतं, मग ते पुन्हा स्वतःला. त्याला थांबण्याची अट आधीच घालून द्यावी लागते. नाही घातली तर ते स्वतःला बोलावतच राहतं आणि शेवटी मशीनची जागा संपते. संस्कृतच्या एका बाईंच्या प्रबंधात 'अवसान' हा शब्द होता. व्याकरणात त्याचा अर्थ थांबणं, आवाज संपणं. आपण मराठीत मात्र अवसान म्हणजे बळ म्हणतो. अवसान गळालं, उसनं अवसान आणलं. एकाच शब्दात शेवटही आणि हिंमतही, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर सीपरी बाजारातल्या स्टुलावर कळलं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एक मुलगी हाताने लिहिलेला प्रबंध घेऊन आली. प्राणिशास्त्राचा होता. बेतवा नदीतले मासे, त्यांचे कल्ले, आणि गढूळ पाण्याने त्या कल्ल्यांतल्या पेशींचं काय होतं, असा विषय. माशांचे नमुने तिने एरचला नदीवर जाऊन गोळा केले होते. बरोबर तिचे वडील असत. रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते, ड्यूटी संपली की युनिफॉर्ममध्येच येत आणि मुलीचं काम चालू असेतो बाहेरच्या बाकावर बसत. मुलगी माझ्याशी हिंदीत बोले. बापलेक मात्र आपसात मराठीत बोलत. निदान वडील मराठीत बोलत आणि ती हिंदीत उत्तरं देई.

मी मराठी आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण मराठी म्हटलं की पुढचा प्रश्न आडनावाचा, मग मंडळाचा, मग बाबांचा. मी हिंदीतच राहिलो. आणि एकदा राहिलो म्हणजे मग रोज राहावं लागलं.

एकदा त्या सद्गृहस्थांनी माझ्यासाठी चहा आणला. ग्लास माझ्या हाताशी ठेवला आणि मुलीकडे वळून मराठीत म्हणाले, "बघ, एवढे शिकलेले गृहस्थ. काय दिवस आलेत बिचाऱ्यांवर. तू घाई नको करू त्यांना. चूक निघाली तरी हळू सांग."

मी पडद्याकडे बघत राहिलो. म्हटलं, "चाय के लिए धन्यवाद, भाईसाहब."

ती मुलगी हुशार होती आणि शिकवायची तिला हौस होती. एका पानावर तिचं अक्षर लागेना म्हणून मी विचारलं, तर ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "सर, कोशिका दो तरह से मरती है. एक, चोट से. फटती है, अंदर का सब बाहर आता है, पड़ोस की कोशिकाओं में सूजन आ जाती है. दूसरी तरह में वो खुद को समेटती है. छोटी-छोटी पोटलियाँ बन जाती हैं, पड़ोसी उन्हें उठा लेते हैं. पता भी नहीं चलता कि कोई थी."

"क्यों समेटती है?"

"शरीर के लिए. आपकी उँगलियाँ देखिए. माँ के पेट में पहले बीच में झिल्ली थी. बीच की कोशिकाएँ चली गईं, तब उँगलियाँ अलग हुईं."

मी कीबोर्डवरच्या माझ्या बोटांकडे पाहिलं. तिने पुढचं पान उलटलं. त्या दिवशी घरी जाताना मी बऱ्याच महिन्यांनी मनातल्या मनात वर्ग घेत होतो. अनात्मवाद शिकवताना मी मुलांना विचारत असे, दिवा विझला म्हणजे ज्योत कुठे गेली? आता मला त्या प्रश्नाच्या शेजारी मांडायला कल्ले होते, कायदा होता, गणित होतं. पण समोर मुलं नव्हती.

म्हणूनच, गणपतीत मंडळाचे चिटणीस घरी येऊन बाबांना म्हणाले की यंदा प्रोफेसरसाहेबांचं व्याख्यान ठेवू, आणि बाबा माझ्याकडे न बघताच "अवश्य" म्हणाले, तेव्हा मी नाही म्हणालो नाही. बायकोने आतून मला खूण केली, नको. मी तिकडे दुर्लक्ष केलं. मला बोलायचं होतं. कोणीतरी समोर बसून ऐकावं याची मला भूक लागली होती, आणि ती किती लागली होती हे आठवून आज कसंतरी होतं.

व्याख्यान संध्याकाळी होतं. बाबा इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसले. चिटणीसांनी ओळख करून दिली: आपल्या झाशीच्या जुन्या घराण्यातले, कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. बाबांनी मान डोलवली. मी माइकसमोर उभा राहिलो आणि विषय सांगितला, 'स्वतः आणि शेवट'. बाप्पासमोर शेवटाबद्दल काय बोलणार, असं एक आजी कुजबुजल्या. पण रंगलं व्याख्यान. मराठी शब्द अडला की हिंदी घालत गेलो, कोणी हसलं नाही. पेशी स्वतःला कशी आवरून घेते ते सांगताना बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. अवसानाचे दोन अर्थ सांगितले तेव्हा कोणीतरी "वा" म्हणालं. मी नोकरीच्या समाप्तीबद्दलही बोललो, कलंक असलेली आणि नसलेली. जणू ती दुसऱ्या कोणाची गोष्ट होती. पुढच्या रांगेत बाबा खालमानेने कोटाची बटणं चाचपत होते.

टाळ्या झाल्या. चिटणीसांनी विचारलं, कोणाला प्रश्न? आणि मागच्या रांगेतून ते सिग्नलवाले गृहस्थ उठले. मी त्यांना तोवर पाहिलंच नव्हतं. पांढरा शर्ट घातला होता, चेहरा आनंदाने फुलला होता.

"प्रश्न नाही," ते म्हणाले. "मला फक्त आनंद सांगायचाय. अहो, सर तर आपलेच निघाले! इतके दिवस आम्ही त्यांच्याशी हिंदीत बोलत होतो. मंडळी, माझ्या मुलीचा पीएच.डी.चा थीसिस सरांनी टाइप केला, सीपरी बाजारातल्या दुकानात. स्वतः बसून, एक-एक शब्द समजून घेऊन. असा विद्वान माणूस, पण काही गर्व नाही. मला तर..."

बाबा उभे राहिले. मागे वळले.

"नाही, नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "तुमची काहीतरी गल्लत होतेय. ते दुसरे कोणी असतील. आमचे चिरंजीव कॉलेजात शिकवतात."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माइक माझ्या तोंडासमोर होता. एक शब्द पुरे होता. समोर ती मुलगी, माझ्याकडे आणि वडिलांकडे आळीपाळीने बघत होती, तिने वडिलांची बाही धरली होती. मी घसा साफ केला. माइकमधून तो आवाज सभागृहभर घुमला. पुढे काही आलं नाही.

ते गृहस्थ गोंधळले. माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावरून आनंद उतरला आणि त्या जागी काहीतरी समजल्याचा भाव आला. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"असेल, असेल," ते म्हणाले. "माझीच चूक झाली असेल. चेहरा सारखा वाटला. माफ करा." आणि खाली बसले.

चिटणीसांनी आरतीची घोषणा केली. मी टाळ्या वाजवत आरती म्हटली. मागे वळून बघायचा धीर झाला नाही. प्रसाद वाटताना पाहिलं, तर बापलेक निघून गेले होते.

रिक्षातून येताना बाबा, गर्दी फार होती, माइक चांगला होता, असं काहीबाही बोलत राहिले. घराचं दार लावल्यावर बायकोने मला विचारलं, "तुम्ही का नाही बोललात?"

"बाबा बोलले ना."

"ते ते बोलले. तुम्ही?"

ती आत गेली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

आठवडाभराने ती मुलगी दुकानात आली, शेवटची पानं घेऊन. एकटीच. बाई काही बांधाबांधीत होत्या. मुलगी माझ्यासमोर बसली, पानं ठेवली आणि अडखळत मराठीत बोलली. तिला मी मराठीत बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

"सर, पप्पा नाही येणार. त्यांनी सांगितलं, तू जा."

"त्यांना माझा राग आला असेल," मी म्हणालो. मीही पहिल्यांदाच तिच्याशी मराठीत बोलत होतो.

"राग नाही. राग नाही आला." ती शब्द शोधत राहिली, मग हिंदीत शिरली. "उन्हें शर्म आ रही है, सर. वो सोच रहे हैं कि यहाँ बैठकर जो हम लोग बोलते थे, आपके बारे में, वो सब आप समझ रहे थे. बिचारे म्हटलं होतं ना त्यांनी. और फिर वहाँ सबके सामने भी. वो कह रहे थे, मैंने भले आदमी को दो बार छोटा किया."

मी तिला सांगू लागलो की, छोटं त्यांनी कोणाला केलं नाही, ते आम्ही... वाक्य पुरं झालं नाही. ती म्हणाली, "कोई बात नहीं, सर," आणि एका आकृतीखालचा मजकूर दाखवू लागली. मी तो टाइप केला. मला त्यातलं अक्षरही नीट दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी हे सगळं बाबांना सांगितलं. मधला एकही शब्द न गाळता, 'बिचारे'सकट. बाबा घास हातात धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे लाज त्यांना वाटतेय?"

"हो."

"त्यांना का?" असं ते स्वतःशीच म्हणाले. त्यानंतर बाबा मंडळात जाईनासे झाले. संध्याकाळी कोट काढत, खांद्यावर टाकत आणि परत खुंटीला लावत. एकदा बायकोला म्हणाले, "बेटा, मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं टाइप केलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही केलं. आणि त्या दिवशी..." बायको म्हणाली, "जाऊन या ना त्यांच्याकडे. घर काय फार लांब आहे?"

दिवाळी उलटल्यावर एका रविवारी बाबांनी कोट घातला आणि मला म्हणाले, "चल." कुठे ते मी विचारलं नाही.

रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर शोधायला जरा वेळ लागला. दार त्या गृहस्थांनीच उघडलं. "या, या" म्हणून त्यांनी अर्ध्या घरातल्या खुर्च्या गोळा केल्या. मुलगी पाया पडली. तिच्या आईने पोहे केले. बाबा बसले आणि बोलू लागले. भुसावळच्या केळ्यांबद्दल बोलले, झाशीच्या थंडीबद्दल बोलले, पूर्वी कचेरीत हिवाळ्यात मशीनच्या कळा कशा गार लागत त्याबद्दल बोलले. ते गृहस्थ प्रत्येक वाक्याला "हो, साहेब" म्हणत होते. मी पोहे खात होतो आणि कधी एकदा विषय निघेल याची वाट बघत होतो. विषय निघाला नाही. चहा झाला. बाबा उठले. मला वाटलं, संपलं, उगाच आलो.

दारात चपला घालताना बाबा थांबले. वर न बघता म्हणाले, "तुमच्या मुलीचं टायपिंग ह्याने केलं ना. काही चुका राहिल्या का?"

ते गृहस्थ सावकाश म्हणाले, "नाही, साहेब. एकही नाही."

"राहिली असेल तर सांगा. ह्याला बदलून द्यायला सांगेन."

"एकही नाही," ते पुन्हा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढून घेतला आणि पायऱ्या उतरले. मला दारात उभं राहून त्यांना म्हणता आलं, तेवढंच मी म्हणालो: "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." ते म्हणाले, "सोडा हो, सर."

पण तसं सोडता येत नाही. सभेत जे झालं ते भरसभेत झालं होतं आणि त्याची भरपाई आम्ही चार भिंतींत केली. त्या संध्याकाळी सभागृहात बसलेल्या बाकीच्या लोकांच्या लेखी तो सरळ माणूस अजूनही चेहरा चुकलेला, भलतंच बोललेला रेल्वेवाला आहे. पुढच्या वर्षी मंडळात उभं राहून खरं काय ते सांगावं असं मी ठरवलं होतं. पण त्याआधीच त्यांची बदली झाली. ज्यांच्यासाठी सांगायचं तेच नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि गप्प बसलो. बाबांनीही तशीच घातली असावी.

मुलीला पदवी मिळाली. तिने बांधलेल्या प्रबंधाची एक प्रत दुकानात आणून दिली. आभारांच्या पानावर मला घ्यायचं का, असं तिने आधी विचारलं होतं. मी नको म्हणालो होतो. बाबा पुन्हा मंडळात जाऊ लागले, पण दुसऱ्या रांगेत बसू लागले, गुडघे दुखतात आणि मागून उठायला सोपं जातं, असं सांगत. माझी ओळख करून देताना ते "हा आमचा मुलगा" म्हणत आणि तिथेच थांबत. समोरचा पुढच्या शब्दाची वाट बघे. बाबा खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत. बाबा वारेपर्यंत हे असंच राहिलं.

मी कॉलेजात परत गेलो नाही, कोणी बोलावलंही नाही. बाईंच्या दुकानात आता माझीही भागीदारी आहे. मागच्या महिन्यात भाजी घेताना एक जुना विद्यार्थी भेटला. पोट सुटलेला, केस विरळ झालेले, तरी ओळखू आला. वर्गात तो मागे बसून झोपायचा. पाया पडून म्हणाला, "सर, आजकल कहाँ हैं आप?"

कान तापले. अजूनही तापतात. म्हणालो, "सीपरी बाज़ार में. टाइपिंग करता हूँ."

"अरे वाह," तो म्हणाला, आणि एक क्षणही न थांबता विचारू लागला, "तो बहन की शादी का कार्ड भी हो जाएगा क्या, सर? हिंदी में?"

"हो जाएगा," मी म्हणालो. "मजमून लिखकर ले आना."